जंगलात न गेलेली बाई

“सिस्टर आत गेल्याच नाहीत,” तिघांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि बाकावर बसलेली मुलगी ओरडली, “मग माझी आई गेली कुठे?”

आम्ही मुलुंडच्या पोलीस ठाण्यात होतो. खिडकीतून डोंगर दिसत होता. मुलुंडला जंगल पश्चिमेला, त्यामुळे सूर्य डोंगरामागे गेला की आमच्या बाजूच्या उतारावर लवकर काळोख पडतो. बाई आत असतील तर थोडाच उजेड उरला होता.

मी तेव्हा सहायक फौजदार होते. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा खात्यात होता, तो वारल्यावर मला भरती करून घेतलं.

हरवलेल्या बाई साठीच्या, मुलुंडच्याच. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. रविवारी सकाळी पक्षी बघत जंगलात फिरणाऱ्या एका ग्रुपबरोबर त्या जायच्या. त्या दिवशी चौघंच होते. सिस्टर, एक नवरा-बायको, आणि ग्रुप चालवणारा बँकेतला माणूस, ज्याला सगळे ‘लीडर’ म्हणायचे. जेवायची वेळ टळली तरी आई आली नाही, फोन लागेना, म्हणून मुलगी आमच्याकडे आली. आम्ही मिसिंग दाखल केली आणि तिघांना बोलावून घेतलं.

तिघांचा जबाब एकसारखा. डोंगरापलीकडे बोरिवलीच्या मोठ्या गेटवर भेटलो, सिस्टरांचा गुडघा दुखत होता, त्या तिथूनच बसने परत गेल्या, आम्ही तिघं आत गेलो. त्यामुळे दुपारभर आमची माणसं बस स्टॉप आणि दवाखाने धुंडाळत राहिली. जंगलात कोणी शोधलंच नाही.

मग एक खबर आली. आमच्या बाजूला, जंगलाच्या भिंतीला लागून एक इस्त्रीवाला बसतो. त्याने आमच्या शिपायाला सांगितलं, सकाळी तीन माणसं भिंतीच्या भगदाडातून पळत बाहेर आली, कपडे मातीने भरलेले. तोंडं त्याने नीट पाहिली नव्हती.

साहेबांनी ही खबर लीडरला ऐकवली. तो हसला. गळ्यात अजून दुर्बीण होती.

“साहेब, त्या भगदाडातून रोज कोण ना कोण जातं. पोरं दारू प्यायला जातात. आमच्यावर कशाला ढकलता?”

साहेब मला म्हणाले, “मावशी, बायकोला तुम्ही घ्या.”

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि पाणी दिलं. सिस्टरांचं नावच काढलं नाही. ठरवून आलेल्या माणसाला ठरलेलं विचारलं की तो पोपटासारखा बोलतो. म्हणून त्याने न ठरवलेलं विचारायचं.

“काही खाल्लंस का गं सकाळपासून?”

“हो, सकाळी खाल्लं ना. आमची पद्धतच आहे. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि फिरणं झालं की एकत्र बसून खायचं. त्याआधी डबा उघडायचा नाही. लीडर बिस्कीटसुद्धा खाऊ देत नाही मध्ये.” ती जरा सैल झाली होती.

“आज काय होतं?”

“माझा शिरा. लीडरचा चहा. आणि घावने, नारळाची चटणी.”

“घावने कोणाचे?”

तिने पाण्याचा पेला पुन्हा उचलला. मुलीने जबाबात सांगितलं होतं, आई पहाटे उठून घावने करून गेली.

“सिस्टर गेटवरून परत गेल्या आणि त्यांचा डबा तेवढा पायी चालत आत आला का?”

“त्यांनी... त्यांनी गेटवर माझ्याकडे दिला.”

“बरं. मग रिकामा डबा तुझ्या पिशवीत असेल. काढ बघू.”

तिने पिशवीला हातही लावला नाही. “तिथेच राहिला,” म्हणाली आणि रडायला लागली.

“नंतर रड. तिथे म्हणजे कुठे?”

भिंतीच्या भगदाडातून आत, वर ओढ्यापाशी. त्या वाटेने जायला बंदी आहे. तिथे बिबट्याची मादी पिल्लं घेऊन येते, ती दाखवतो, असं लीडरने सांगितलं होतं. खाऊन उठायला आणि झाडीतून गुरगुर यायला एकच गाठ पडली. सगळे पळाले. सिस्टर मागे होत्या.

“पडल्या असतील मावशी. हाका मारत होत्या.”

“किती?”

“खूप.”

“मग बाहेर आल्यावर कोणाला सांगितलं का नाही?”

“लीडर म्हणाला, केस होईल, त्याची नोकरी जाईल, ह्यांचीपण जाईल. त्या येतील मागून, म्हणाला.”

“आणि नाही आल्या तेव्हा?”

उत्तराला मी थांबले नाही.

मी बाहेर येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी जंगलखात्याला फोन लावला. लीडरचा चेहरा उतरला, पण तो जागचा हलेना.

“आता उजेड जाणार. पिल्लांची मादी आहे तिथे. मी येणार नाही, मला मुलं आहेत.”

“सिस्टरांनाही मुलगी आहे,” मी म्हटलं. “ती बघ, बाकावर बसलीये. तिला सांग तसं.”

त्याने मुलीकडे पाहिलं नाही. साहेबांनी त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

जंगलखात्याची माणसं पत्र्याचे डबे वाजवत पुढे, आम्ही मागे. पहिल्या वळणावर लीडर थांबला, वाट आठवत नाही म्हणाला. वाट त्या बायकोने दाखवली. तिचा नवरा भिंतीपाशीच थांबला होता.

ओढ्यावर खडक सापडला. त्यावर वर्तमानपत्र, चहाचे कप, सिस्टरांचा रिकामा डबा आणि मुंग्या लागलेला शिरा. सिस्टर नव्हत्या. आम्ही हाका मारल्या. काही नाही. मी मनात पंचनाम्याची तयारी केली.

तेवढ्यात खालून टण टण आवाज आला.

सिस्टर दोन खडकांच्या फटीत होत्या. पाय मोडलेला, फोन फुटलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. स्टीलची पाण्याची बाटली खडकावर आपटत होत्या. जनावर जवळ येऊ नये म्हणून दिवसभर तेच करत होत्या. आमचा माणूस पाय उचलायला वाकला तशा फाटक्या आवाजात खेकसल्या, “असा नाही रे, मेल्या! आधी काठ्या लावून बांध!”

बायको पुढे झाली. “सिस्टर...”

“तू लांब राहा.”

लोकांना वाटतं खोटं बोलायला गुन्हेगार लागतो. मी गुन्हेगार पुष्कळ पाहिले, ते खोटं बोलताना समोरच्याचा अंदाज घेतात. ही घरदार असलेली, पगारी, पाखरांवर प्रेम करणारी माणसं. बिबट्याची भीती त्यांना भिंतीपर्यंतच पुरली. नोकरीची भीती संध्याकाळपर्यंत टिकली, आणि ती बिबट्यापेक्षा वाईट निघाली. बिबट्या त्या बाईच्या वाटेला गेला नव्हता. तेव्हापासून अब्रूला घाबरलेला माणूस समोर आला की मी त्याचं पहिलं उत्तर लिहून घेत असे, पण त्यावर शोध थांबू देत नसे.

लीडरवर केस झाली. नवरा-बायकोचे जबाब नव्याने घेतले.

त्या सकाळी भिंतीतून चौघं आत गेले होते. चौघंही जिवंत आहेत. सिस्टरांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही.