आईचा नंबर, वडिलांचं नाव

आईच्या फोनची कंपनी बदलायची होती, बस्स. एवढ्याशा कामापायी माझा मागचा उन्हाळा नासला. अजूनही आबिड्सच्या त्या दुकानावरून बस गेली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जाहिरातीत म्हणे, निवड तुमची. कसली डोंबलाची निवड!

आम्ही राहतो हैदराबादेत, सुलतान बाजारच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एका कंपनीचा टॉवर होता. इमारत पाडली, टॉवर गेला आणि आईच्या फोनची रेंजही गेली. स्वयंपाकघरात नाही, खोलीत नाही, फक्त जिन्याच्या वळणावर यायची. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण ती बाई रोज दुपारी स्टूल घेऊन त्या तापलेल्या जिन्यात जाऊन बसायची.

कारण दुपारी मावशीचा फोन यायचा. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. परभणीकडच्या खेड्यात एकटी राहते. साखरेनं तिचे डोळे गेले. बटणांचा जुना फोन आहे, आणि तिच्या बोटांना एकच नंबर येतो, आईचा. दुसऱ्या कुणाचा फोन ती उचलत नाही. फसवाफसवीच्या फोनांची तिला फार धास्ती. तेव्हा कंपनी बदलायची, पण नंबर तोच ठेवायचा, एवढंच माझं मागणं होतं.

कुठली कंपनी घ्यायची यावर सगळ्या इमारतीनं अक्कल पाजळली. खालच्या कापडदुकानवाल्या चाचांनी छातीठोक सांगितलं, "ये वाली लेव अम्मा, तहखाने में भी पकडती." शेजारणीचं म्हणणं, ती नक्को, बिल फार लावतात. मी सरळ शेजाऱ्यांचे फोन गोळा केले आणि आईच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मांडून बसले, मुली बघायला बसतात तशी. ज्या फोनवर आवाज स्वच्छ आला ती कंपनी ठरवली. मला वाटलं, झालं काम.

नव्या कंपनीच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. तिनं नंबर घातला, पडदा बघितला आणि म्हणाली, "सिम जिनके नाम पे है उनको लेके आव मॅडम. फेस होना." म्हणजे ओळख पटवायला मालकाचा चेहराच समोर हवा.

सिम वडिलांच्या नावावर होतं. आमच्यात सगळंच बापाच्या नावावर असतं. गॅस, लाइट, नळ, घर आणि आईच्या पिशवीतला फोनसुद्धा. वडिलांनी त्या फोनला कधी कान लावला नाही. घेतला आईसाठी, वापरला आईनं, पण दुकानात अर्ज भरताना आईचं नाव घालावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, मी शेजारीच उभी होते.

"वो नहीं हैं," मी म्हणाले.

"गाँव कू गए क्या? व्हिडिओ कॉल पे भी चलता."

"मर गए!" मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं मागे सरली. ती पोर बिचारी कानकोंडी झाली. तिनं सांगितलं, आधी जुन्या कंपनीत जाऊन नाव बदला, मग इकडे या.

जुनी कंपनी! वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी ही कंपनी दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवते. नावानिशी. आईच्याच फोनवर. आई तो मेसेज पुसत नाही, मला मात्र तो फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. तर त्या कंपनीच्या आबिड्समधल्या दुकानात मी मृत्यूचा दाखला दिला, आईचं आधार दिलं, सह्या दिल्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हो जाता मॅडम. संध्याकाळी घरी येऊन बघते तर फोन बंद. जिन्यातसुद्धा रेंज नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या एसीत जाऊन बसले. तो शांतपणे म्हणाला, मालक हयात नाही असं कळलं की तपासणी होईपर्यंत नंबर बंद ठेवावा लागतो. आणि नावाचा अर्ज चालू असताना दुसऱ्या कंपनीतही जाता येत नाही.

"किती दिवस?"

"सिस्टम में है मॅडम."

"अहो, चार वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर तुम्ही पैसे घेतलेत ते चाललं! मी खरं बोलले म्हणून माझ्या आईचा फोन कापता? खोटं बोलले असते तर जन्मभर चालला असता की!" हे मी मराठीत बोलले की हिंदीत, मला आठवत नाही. रागात माझ्या तोंडून चारही भाषा एकदम निघतात. त्यानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तो ग्लास त्याच्या डोक्यावर ओतायचा राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

घरी आई दुपारी बंद फोन मांडीवर घेऊन बसायची. "ती लावत असेल गं," एवढंच म्हणायची. मी मावशीच्या पुतण्याला फोन केला. तो तालुक्याला असतो. त्यानं मावशीच्या शेजारच्या काकूंना कळवलं, काकूंनी मावशीला सांगितलं की हैदराबादच्या फोनची कंपनी बदलायलीय, काळजी करू नका. मावशी म्हणे फक्त "बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून नीट जेवेना. आईनं हे ऐकलं आणि मला म्हणाली, तू जा बाई, तुझ्या तोंडानं सांग, तुझ्यावर तिचा विश्वास बसेल. मी काचिगुडा स्टेशनवर परभणीची गाडी पकडली.

मावशी ओट्यावर बसली होती. मी "मावशी" अशी हाक मारली आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. कशी आहेस नाही, बस नाही, पाणी घे नाही.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "कधी गेली?"

मला कळेचना. "कोण कधी गेली?"

"लई तरास झाला का गं तिला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात म्हाताऱ्या माणसांना मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. माणूस पाठवतात. तो पोचेपर्यंत घरचा फोन बंद ठेवतात आणि कुणी विचारलंच तर काहीतरी सांगतात, फोन बिघडलाय, लाइट नाही, काळजी करू नका. वडील गेले तेव्हा आम्ही हेच केलं होतं, आणि मावशीला सांगायला मीच आले होते. आता पुन्हा फोन बंद, पुन्हा काळजी करू नका, आणि दारात पुन्हा मी.

"मावशी, अगं आई जिवंत आहे! कंपनीवाल्यांनी फोन बंद केलाय!"

"व्हय," मावशी म्हणाली. "असंच सांगत असतेत." आणि भिंत चाचपत न्हाणीकडे निघाली. मी हात धरला तर तिनं झटकला. बहीण गेली म्हणजे आंघोळ आली. मी आमच्या शेजारणीला फोन लावला, आईला द्या, आत्ताच्या आत्ता द्या म्हणून ओरडले. न्हाणीतून अंगावर तांब्या ओतल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. मी दार ढकललं. मावशी लुगड्यासकट भिजून उभी होती. मी फोनचा आवाज मोठा केला.

"अक्का?" आईचा आवाज आला. "अक्का, अगं काय करायलीस?"

मावशीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आंघोळ," ती म्हणाली.

"या वेळेला? कुणाची?"

"तुझी."

मग पलीकडून आईचं रडणं ऐकू आलं, आणि मावशी तिला शिव्या द्यायला लागली. भवाने, सटवे, कुठं मेली होतीस, मला न सांगता कंपनी बदलतीस व्हय गं. मी दोघींच्या मध्ये फोन धरून उभी होते आणि माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या क्षणी मॅनेजर समोर असता तर मी त्याला काय केलं असतं देव जाणे. नंबर नंतर आईच्या नावावर झाला, त्याच नालायक कंपनीत. पुन्हा दुसरीकडे न जायची आईनं मला शपथ घातली. आता ती जिन्यातच बसते.

त्या दिवशी मावशीला कोरडं लुगडं नेसवलं, केस पुसून दिले. तिनं माझं मनगट चाचपून घट्ट धरलं.

"एक ऐकशील?" ती म्हणाली. "ती खरंच जाईल ना, तवा तू येऊ नको. कुणालाच धाडू नको. फोन नुस्ता बंद राहू दे. मी म्हणीन, कंपनी बदलायलेत."