किल्लारीच्या उंबऱ्यावरचा पाच नंबर

ऐन लग्नसराईत मी घरातून पळ काढला, असं अब्बांचं म्हणणं आहे. मुखेडला आमचं बांगड्यांचं दुकान. मे महिन्यात नवऱ्या चुडा भरायला येतात, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठाचं भूगर्भशास्त्राचं शिबिर, पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना सक्तीचं. "जा बेटा," अब्बा म्हणाले, "पत्थर फोडनेकूच इत्ता पढाया तुजे." चेष्टेतच म्हणाले, पण लागलं. लातूरला क्लास लावून मेडिकल हुकलेली मुलगी म्हणून आमच्या गल्लीत मला शेळ्यासुद्धा ओळखतात.

नांदेडहून सकाळी लवकर निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, आता बराच चांगला झालाय. तुम्ही जाणार असाल तर अहमदपूरला चहा घ्या आणि पाणी भरपूर ठेवा, कारण दहानंतर ऊन मी म्हणतं. चाकूरच्या अलीकडे एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी कापलीय. सरांनी तिथं बस थांबवली. काळ्या दगडाचे दोन थर आणि मधे विटकरी मातीची पट्टी. या रस्त्यानं मी कितीदा गेले असेन, पण खिडकीतून कधी दिसली नव्हती.

तिथंच सरांनी शिबिराचा नियम सांगितला. प्रत्येकानं पाच वेगवेगळे नमुने गोळा करायचे, त्यांवर व्हाइटनरनं आपलं अक्षर आणि नंबर घालायचा. "दगड जिथं तयार झाला तिथलाच घ्या. गडगडत आलेला, कुणी आणून ठेवलेला, घडवलेला दगड चालणार नाही. तो खोटी साक्ष देतो."

लातुरात शिरताना मी ओढणी तोंडावर घेतली. चौकाचौकात हसऱ्या टॉपरांचे फलक, त्यातले दोघं माझ्या बॅचचे. माझी मैत्रीण प्रणिता म्हणाली, "अगं, बसमधलं कोण दिसतंय त्यांना?" तिचं खरं होतं, पण माझी खानावळ त्याच रस्त्यावर होती. त्या गावानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: अवघड प्रश्नावर वेळ घालवायचा नाही, सोपा उचलायचा आणि दुसऱ्यांच्या आधी पेपर टाकायचा. औसा मागे पडल्यावर मी ओढणी काढली.

मुक्काम नव्या किल्लारीत, एका शाळेच्या सभागृहात. जेवणाची चिंता करू नका. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी गावात कुठंही मिळते. दुसऱ्या दिवशी जुन्या गावाकडे गेलो. आता तिथं बाभळी आहेत आणि दगडांचे ढीग. आधी कुणीतरी सेल्फी काढत होतं, मग आपोआप थांबलं. १९९३च्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कशा आल्या, हे सर हळू आवाजात सांगत होते. मी त्यांच्या शब्दांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते, कारण माझे चारच नमुने झाले होते.

पाचवा स्फटिकांचा हवा होता. ओढ्याच्या काठी सगळे वाकून शोधत होते. मी पाणी प्यायला म्हणून वर आले, आणि झुडपांमधे एक लांबट दगड दिसला. त्याच्या कोपऱ्यात पांढरे-हिरवे स्फटिक नुसते चमकत होते. दगड घडवलेला होता, हे मला कळलं. तो ओलाही होता. मे महिन्यात, त्या उजाड जागी दगड ओला कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी हातोडीचे दोन घाव घातले, कोपरा सुटला. त्यावर माझं अक्षर आणि नंबर, "ना. ५", लिहिलं.

"वा! कुठला?" सरांनी विचारलं.

"ओढ्याच्या काठचा."

सरांनी तो सगळ्यांना भिंगातून दाखवला. खरं सांगते, फार बरं वाटलं मला.

तेवढ्यात दोन जीपा आल्या. मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी, करवल्या, बाया. पुढे कळशी घेतलेले नवरदेवाचे वडील. आम्हाला बघून ते हसले. "मुरूडहून सून आणलीय. आमच्यात आधी जुन्या घराच्या उंबऱ्याला पाणी घालत्यात, मग नव्या घरात घेत्यात. माझे माय-बाप हितंच गेले. मघाशीच येऊन धुऊन ठेवलाय उंबरा."

ते झुडपांकडे वळले.

"आरं, हे कुणी केलं?"

बाहेरून राखाडी झालेला तो दगड फुटलेल्या जागी काळाभोर दिसत होता. आमच्या सगळ्यांच्या हातात हातोड्या. एक म्हातारी बाई म्हणाली, "आता कसं वं? फुटक्या उंबऱ्यावरून पोरगी घ्यायची व्हय?" नवरीचे डोळे भरले. कोपरापर्यंत हिरवा चुडा होता तिच्या हातात. असे चुडे भरून आमचं घर चालतं.

सरांच्या हातात अजून माझा नमुना होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेच बोलतील अशी मी वाट बघितली, इतकी मी भित्री.

"मी फोडला, काका," मी म्हणाले. "ओढ्यातला म्हणून खोटं सांगितलं."

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सरांच्या हातातून तुकडा घेतला आणि जागेवर बसवला. तो पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. मग ते धोतर सावरून खाली बसले, तुकडा तळहातानं दाबून धरला आणि सुनेला म्हणाले, "ये माय. घाल पाणी."

तिनं पाणी घातलं ते त्यांच्या हातावरूनच वाहिलं. हळद-कुंकूही थोडं बोटांवर पडलं. ती उंबरा ओलांडून पलीकडे जाईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्या जागी असं वाटल्याचीही लाज वाटली.

त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला नेलं. पंगतीत माझ्या पानात बुंदी स्वतः वाढली. "खा ना पोरी, लग्नाचं हाय." शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ती बुंदी मात्र सोसेना. निघताना मी नवरदेवाचा फोन नंबर मागून घेतला, काय करणार होते कोण जाणे. परतीच्या बसमध्ये सर एवढंच म्हणाले, "तुझे चार नमुने धरतो."

मुखेडला आले तेव्हा अब्बा एका नवरीच्या हातात बांगड्या भरत होते. ती गेल्यावर त्यांना सगळं सांगितलं. चेष्टा करतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ काचेचे तुकडे गोळा करत राहिले. "नवरीके सामने मैं 'फुटी' बोलके लफ्ज तक नै निकालता," ते म्हणाले, "और तू..." त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

चार-पाच दिवसांनी धीर करून फोन लावला. नवरदेवानं उंबऱ्याचा फोटो पाठवला. सिमेंट लावून कोपरा बसवलाय. त्यावर माझं व्हाइटनर तसंच.

"पुसलं नाही का?" मी विचारलं.

"बाबा म्हणले, घासलं तर पुन्हा निखळंल. असू द्या म्हणले."

किल्लारीला जाणार असाल तर सकाळी जा, टोपी घ्या, जुन्या गावात सावकाश चाला. झुडपांमधे एका उंबऱ्यावर पांढऱ्या अक्षरात "ना. ५" दिसेल. ते मोजणीवाल्यांचं नाही, कुठल्या सरकारी खात्याचंही नाही. ते माझं नाव आहे. त्या घरात येणारी प्रत्येक सून आता त्यावर पाणी घालील.