कदम काकूंनी पास घेतला नाही

माझ्याकडे कधीही सिनेमाचा फुकट पास मागितला असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

कदम काकू आज सकाळी गेल्या.

मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीत आमच्या समोरचं दार त्यांचं. मूळच्या रत्नागिरीच्या. तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या आणि भाव स्वतःच्या मनासारखा करून घ्यायच्या. हार्टचा त्रास होता, पण आवाजाला तो कधी झाला नाही.

माझा पहिला सिनेमा आला तेव्हाची गोष्ट. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. रिलीजच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मीरा रोडच्या थिएटरात आपल्या माणसांसाठी खास शो ठेवला. आमची बिल्डिंग, बाबांचं ऑफिस, आईचं महिला मंडळ, माझे कॉलेजचे मित्र.

सगळ्यांना पास.

"तिकीट कसलं काढताय, घरचा सिनेमा आहे!" बाबा फोनवर सांगत होते. अभिमानाने.

मी समोरच्या दारात पास घेऊन गेले. काकूंनी हातच पुढे केला नाही.

"ठेव तुझ्याकडे. मी शुक्रवारी येतेय, तिकीट काढून."

मला राग आला. वाटलं, यायचं नाहीये म्हणून भाव खातायत.

गुरुवारचा शो हाऊसफुल. टाळ्या, शिट्ट्या, पेढे, सेल्फी. सगळ्यांच्या स्टेटसला मी.

शुक्रवारी दुपारच्या शोला गेले तर अख्ख्या थिएटरात पाच-सहा डोकी. मधल्या रांगेत कदम काकू, पर्समधून लपवून आणलेली चकली खात बसलेल्या.

शो सुटल्यावर त्यांनी बाहेर सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं पल्ले, कालची गर्दी कुठे गेली?"

"त्यांनी काल बघितला ना, काकू."

"मग आज कोण बघणार? डोहाळजेवणालाच बारशाचं जेवण वाढून मोकळी झालीस तू!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

थिएटरवाल्याला गुरुवारच्या टाळ्या ऐकू येत नाहीत. तो शुक्रवारचं बुकिंग बघतो, शनिवारचं बघतो आणि रविवारी ठरवतो की सोमवारी कुणाचा शो काढायचा. जी माणसं माझ्यासाठी हमखास आली असती, तीच मी आदल्या दिवशी फुकटात संपवली होती. आपण मराठी सिनेमावाले दर वेळी हेच करतो आणि मग मल्टिप्लेक्सच्या नावाने शिमगा करतो.

मी तिथेच रडायला लागले. "पडला, काकू. सिनेमा पडला."

"पडलाय ना? गेला तर नाही? माणूस गेलं की रडायचं. पडलं की हात धरून उठवायचं. चल."

त्या संध्याकाळी काकूंनी बिल्डिंगमधली एकेक बेल वाजवली. मी मागे, मान खाली घालून.

"अहो सावंत, हिच्या लग्नात आहेर देणार ना? मग तो आत्ताच द्या. रविवारची तिकिटं काढा."

"मी बघितला की काल. छान आहे."

"फुकटात बघून छान म्हणायला काय जातंय! तिकीट काढून म्हणा."

मग मीरा रोडच्याच नया नगरला गेल्या, त्यांच्या शिलाई क्लासमधल्या मैत्रिणीकडे. फरीदा आंटी म्हणाल्या, "मराठी है ना, हमको क्या समझेगा?"

"मैं बाजू में बैठके बताएगी ना!"

आणि खरंच बसून सांगितलं. अख्खा सिनेमा. पुढची रांग जाम वैतागली होती.

रविवारचा शो भरला. सोमवारी बाकी सगळीकडून माझा सिनेमा उतरला. मीरा रोडला आणखी एक आठवडा राहिला.

सिनेमा पडलाच. खोटं कशाला बोलू? पण मी दुसरा करायला उभी राहिले ती त्या एका आठवड्याच्या जोरावर.

तो दुसरा या शुक्रवारी येतोय.

आज स्मशानात खूप रडले. घरी आल्यावर कदम काकांना म्हटलं, "काका, या वेळी मी पोस्टबिस्ट काही टाकणार नाही. बरं दिसत नाही ते."

काका फार कमी बोलतात. काकूंसमोर बोलायची पाळीच कधी आली नसेल.

म्हणाले, "सुतक आमच्या घराला आहे. तुझ्या पिक्चरला कशाला लावतेस?"



मग म्हणाले, "तेरावं होईपर्यंत मला काही थिएटरात येता यायचं नाही. दोघांनी पहिल्याच दिवशी बघायचं ठरलं होतं. आता एकटा बघेन. तोवर उतरू देऊ नकोस."

तेरावं होईपर्यंत म्हणजे सिनेमाला दुसरा आठवडा मिळाला पाहिजे.

मराठी सिनेमाला दुसरा आठवडा कसा मिळतो, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणून आजच लिहितेय. कुणी म्हणेल, मयताच्या दिवशी प्रमोशन करतेय, हिला लाज नाही. हो, करतेय. काकूंच्या मागे दारोदार फिरले, तेव्हाच ती सगळी संपली.

या वेळी खास शो नाही. पास छापलेलेच नाहीत. आईबाबांनाही तिकीट काढायला लावलंय. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण काढलं.

सिनेमा आवडला नाही तर खुशाल शिव्या घाला. पण बघून घाला.

कमेंटमध्ये नुसते हात जोडू नका. शुक्रवारी या. शुक्रवारी नाही जमलं तर शनिवारी. मीरा रोडला नाही जमलं तर तुमच्या गावात जिथे लागलाय तिथे जा. तेराव्यानंतर एका म्हाताऱ्या माणसाला बायकोशी ठरलेला सिनेमा बघायचाय, तोवर तो थिएटरात असला पाहिजे.

काकू, तुम्ही निवांत जा.

काकांना मी हा सिनेमा मोठ्या पडद्यावरच दाखवणार.

— तुमची समोरची पल्लवी