कोपर बुडवणारे बाबा

डबे भरून होतात न होतात तोच दार वाजलं. वहिनींनी ओल्या हातानंच कडी काढली. दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर. दवाखान्यातली नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, तरी सगळ्यांच्या त्या सिस्टरच. वहिनींनी लिहावं, सिस्टरनी वाचावं, असं दोघींचं चालायचं.

"वडिलांवर लिहिलेलं भावंडांना पाठवलंत की काय?"

"दुपारी पाठवते. का, इतकं वाईट झालंय?"

"वाईट कसलं! पण तुम्ही म्हणता, आई गेल्यावर बाबांनी वाढवलं, माया मात्र केली नाही. मग हे काय?" सिस्टरनी हातातल्या वहिनींच्या कागदावर एका ओळीवर बोट ठेवलं. 'बाबा आमच्या अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवायचे.'

"त्यांची विचित्र सवय. आम्ही हसायचो."

"सवय? अहो, बाळंतिणींना मी जन्मभर हेच शिकवलं. तुमचे बाबा गवंडी; त्यांच्या राठ हाताला चटका कळत नाही, कोपराला कळतो. हे त्यांना आपसूक सुचलेलं नाही. कुणा नर्सला जाऊन विचारलं असणार. त्या काळी, एकट्या पुरुषानं!"

वहिनींनी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. वाक्य त्यांचंच, बाबाही त्यांचेच. आणि बाबांना कधी न पाहिलेल्या या बाईला ते त्यात दिसले होते.

"तुम्हाला दिसलं तरी कसं?"

"मी कुठं तुमच्या घरातली! म्हणूनच दिसलं." सिस्टरनी पिशवीतून घडी घातलेले चार कागद काढले. "मीही माझ्या आईवर लिहिलंय. एवढं वाचाल का?"