शेजारी झोपणाऱ्यानेही यावे

माझे वडील अर्नाळ्याला एका बोटीवर तांडेल होते. म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात. एकदा भर उन्हात सुकाणूवरच त्यांचा डोळा लागला आणि बोट दुसऱ्याच्या जाळ्यात शिरली. जाळं फाटलं, तांडेलकी गेली. वडील दारूला शिवत नव्हते, पण ते कोण ऐकणार? "काय तांडेल, सकालीच लावली वाटतं!" असं किनाऱ्यावर लोक म्हणायचे. वडील मान खाली घालून मासळी निवडायचे, आणि निवडता निवडता तिथेही पेंगायचे. घर आईच्या टोपलीवर चाललं. मी कॉलेजला जायच्या आधी बोंबील वाळत घालायचे आणि वर्गात हात मांडीखाली दाबून बसायचे, शेजारणीला वास येऊ नये म्हणून.

मी बीएच्या पहिल्या वर्षाला असताना वडील एका दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. शिक्षिका झाले, नायगावला फ्लॅट घेतला, आईला घेऊन आले. आणि चाळिशीत, वर्गात परीक्षा चालू असताना, मी खुर्चीतच झोपले. मुलांच्या हसण्याने जाग आली. तपासणीत निघालं स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, झोप पुरी होत नाही, मग दिवसा डोळे मिटतात. "घरात आणखी कोणाला असं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "वडिलांना," मी म्हणाले.

झोपेत श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून मी रोज झोपायला लागले. मग ठरवलं, अर्नाळ्यात आपल्यासारख्यांचा गट काढायचा. समाजमंदिर मिळालं. बाहेरच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांनी यावे'. तीन रविवार झाले तरी येणारा एकच, एक रिटायर्ड क्लार्क. चौथ्या रविवारी एक कोळीण नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. तो तांडेल. चार दिवसांनी बोटी समुद्रात जायच्या होत्या.

"मला कायपन नाय, टीचर," तो म्हणाला. "हीच मला उगाच उठवते."

"उठवू नको तर काय करू? दम बंद होतो तुमचा."

"तू ऐकलास, मी नाय ऐकला. मी तर झोपलेला असतो ना!"

क्लार्क हसला. मला हसू आलं नाही. तांडेलाचं बरोबर होतं. ज्याला काहीच ऐकू येत नाही, नेमकं त्यालाच मी बोलावत होते.

आई माझ्या सोबतीला म्हणून यायची, मागे भिंतीला टेकून बसायची. ती तिथूनच बोलली, "हिचा बापूस पन असाच बोलायचा. दम थांबला का मी खांदा हलवायची, मंग यायचा. लग्न झाल्यापासून हलवला. त्या दुपारी मी बाजारात होती."

एवढंच बोलली. मलाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

आई बाजारात होती, पण मी घरात होते. पलीकडच्या खोलीत वाचत बसले होते. वडिलांचं घोरणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, आता शांतपणे अभ्यास होईल म्हणून. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

तांडेल उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याची बायको बसून राहिली. पुढच्या रविवारी ती एकटीच आली. "सुकाणू धाकट्या दिराकडं दिलाय," म्हणाली. "रागात हायत. पन तपासनीला येतो बोलले."

तो आला. त्यालाही तेच निघालं. वीज गेली की मशीन बंद पडतं, मग तो मला फोनवरून शिव्या घालतो.

फळ्यावरची ओळ मी बदलली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा गट भरतो, लोक जोडीने येतात. त्या तांडेलाचं सुकाणू पुन्हा त्याच्या हातात आहे, आणि सुकाणूवर तो जागा असतो.