आईचा ठसका

बोईसरला ज्या कंपनीत मी औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला होते, तिथे छातीत जळजळ होत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. सकाळी उपाशीपोटी पाळीवर यायचं, टपरीवरचा कडक चहा ओतायचा, आणि वर दिवसभर तो वास. वास कसला ते मला सांगता येणार नाही. तारापूरच्या त्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहिलेल्यालाच कळेल. यूपी-बिहारची पोरं छाती चोळत "सीने में आग लगी है" म्हणायची, आम्ही बायका आंबट ढेकरा द्यायचो, आणि सगळे मिळून खायचा सोडा खायचो. त्यामुळे स्टेशनजवळच्या एका दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला तेव्हा आमच्या खात्यात नुसता हशा पिकला. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी येणे असा त्रास असणारी माणसं नव्या औषधाच्या अभ्यासासाठी हवी आहेत, तपासणी आणि औषध फुकट, असं त्यात होतं. "आता आपल्यावर उंदरासारखे प्रयोग करणार," एकजण म्हणाली. मी म्हटलं, "उंदराला निदान वेळेवर खायला तरी घालतात गं!"

हसले खरी, पण सुट्टी झाल्यावर परत जाऊन तो कागद नीट वाचला. माझ्यासाठी नाही. आईसाठी.

आई मुरब्याला, आमच्या समुद्रकाठच्या गावी, एकटी राहायची. वडील लवकर गेलेले, मी लग्न करून बोईसरला. सुके बोंबील, वाकट्या घेऊन ती मनोरच्या बाजाराला बसायची, आणि कोणी भाव पाडून मागितला तर असा टोला हाणायची की गिऱ्हाईक गपगुमान पैसे काढायचं. माझं तोंड फटकळ आहे ते तिच्याकडूनच आलंय. माझा धाकटा भाऊ गुजरातकडच्या एका मालकाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि ती बोट परत आलीच नाही. कोणी म्हणालं बुडाली. कोणी म्हणालं हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी धरली, सगळे तिकडे तुरुंगात आहेत. पत्र नाही, निरोप नाही, मालक हात वर करून मोकळा. वर्ष उलटल्यावर गावातली जाणती माणसं घरी येऊन बसली. दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकून टाका, म्हणाली, जीव अडकून राहतो. आईने त्यांना चहा दिला, त्यांचा पिऊन होऊ दिला, आणि मग म्हणाली, "जित्या मानसाचं करतात काय? तो माजी रोज आठवन काढतो."

कारण तिला ठसका लागायचा.

जेवताना ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. मग एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला ठसका थांबेल, तो आठवण काढणारा. आम्ही लहानपणी त्यावरून एकमेकांना चिडवायचो. आईने मात्र त्याचा कोर्टातला पुरावा केला होता. भाताचा घास घशाशी गेला की ती थांबायची. खोकायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मग भावाचं नाव घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायची, आणि घास कसाबसा खाली उतरायचा. "बग," म्हणायची, "काढली." तिचा चेहरा असा उजळायचा की मला तिच्याकडे बघवायचं नाही.

मला त्या ठसक्याची धास्ती बसली होती. आधी तिची तांदळाची भाकरी सुटली. मग मासळीचा तुकडा सुटला, कालवणात भात कालवून मऊ करून खायला लागली. पोलकी खांद्यावरून ओघळायला लागली. विचारलं की म्हणायची, "वय झालं गो बाय." गावातला डॉक्टर म्हणायचा पित्त आहे. पित्त तर होतंच. छातीतल्या जळजळीने ती रात्र रात्र उशाला टेकून बसायची. ठसक्यासाठी ती दवाखान्याची पायरी चढली नसती, पण जळजळीसाठी येईल, तेवढ्यात कोणी शहाणा डॉक्टर तिचा घसाही बघेल, असा माझा हिशेब होता. फुकट आहे म्हटल्यावर ती आली.

डॉक्टर मुंबईहून यायचे. तरुण होते, आपलेच मराठी, बोलणं मऊ. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि निम्मी माणसं आमच्याच कंपनीतली. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं: नुसती जळजळ असेल त्यांनाच या गोळ्या द्यायच्या आहेत. गिळताना घास अडकत असेल, तर अभ्यासात घ्यायचं नाही. त्या माणसाला लगेच मुंबईला पाठवून घशातून दुर्बीण घालून बघायचं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता हे विचारतीलच.

विचारलंच त्यांनी. "मावशी, गिळताना घास अडकतो का?"

"नाय," आई म्हणाली.

"अडकतो हो डॉक्टर," मी म्हटलं. "रोज अडकतो. भाकरी सोडलीय हिने."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी तिचा हात भर बाजारात पिरगळलाय. "अडकत नाय. ठसका लागतो. अडकनं येगलं, ठसका येगला." आणि डॉक्टरांकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "माजा पोरगा लांब हाय, सायब."

डॉक्टर हसले. "मग तोच आठवण काढत असेल," म्हणाले.

सहज म्हणाले. कोणीही म्हणालं असतं. त्यांची आईही जेवताना त्यांना असंच म्हणत असेल. मी "अहो, तसं नाही" म्हणेपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेले होते. "तंबाखू?" "नाय." मशेरी ती उठता-बसता लावायची, पण मशेरी म्हणजे तंबाखू हे तिच्या गावीही नव्हतं. मी तेही सांगितलं. तेव्हा त्यांच्या हाताखालची बाई माझ्यावर खेकसली, "ओ ताई, पेशंट तुम्ही आहात का त्या?" मागून रांगेतून कोणीतरी "चला, आटपा" ओरडलं. आईला गोळ्या मिळाल्या. मुरब्याच्या एसटीत बसल्यावर तिने माझ्या मांडीवर थाप मारली. "आयकलंस ना? डागदर पन बोलला."

गोळ्या चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. जळजळ गेली. आई आडवी होऊन झोपायला लागली, शेजारणींना सांगायला लागली की माझ्या पोरीने मला मोठ्या डागदरकडे नेलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण आता ठसका पेजेलाही लागत होता. आईचा अर्थ तयारच होता: पोरगा सुटायला आलाय, म्हणून आठवण वाढलीय. सुटून येईल म्हणून तिने त्याच्यासाठी सुक्या कोळंबीचे चांगले सोडे निवडून बाजूला ठेवायला सुरुवात केली.

एकदा मी गेले होते, दोघी जेवायला बसलो होतो. तिला ठसका लागला, तो थांबेचना. तिने नाव घेतलं, परत घेतलं, आणि सगळी पेज ताटात परत आली. तरी पदराने तोंड पुसून हसली. माझं डोकं सणकलं. म्हटलं, "आई, पुरे हा येडेपणा! हा ठसका नाही, रोग आहे. कोणी आठवण-बिठवण काढत नाही तुझी!"

आई शांतपणे म्हणाली, "तुला भाव मेलेला पायजे काय?"

मी ताटावरून उठले आणि मिळाली ती एसटी धरली. अंगाची लाही लाही होत होती. पण बोईसर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. मला काय तो मेलेला हवा होता? माझ्या कडेवर वाढलेला पोरगा! मला तो जिवंत हवा होता आणि आईही जिवंत हवी होती. तिला फक्त तो जिवंत हवा होता. ज्याच्यावर तिचा पोरगा जगत होता तोच ठसका तिला खात होता, आणि तो बंद करा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पुढच्या तपासणीला आई वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी तिला समोर पाणी प्यायला लावलं. पाणी नाकातून बाहेर आलं. मग सगळी धावपळ झाली: मुंबई, दुर्बीण, तुकडा काढून तपासायला पाठवणं. अन्ननलिकेत गाठ होती, आणि कापण्याच्या पुढे गेली होती. मला डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. सांगताना ते कागदांतून मान वर करत नव्हते, पण मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मग ते आत आले, आईच्या खाटेशी बसले आणि जमेल तेवढं सोपं करून म्हणाले, "मावशी, आत गाठ आहे. घास उतरायला वाट नाही, म्हणून तुम्हाला ठसका लागतो."

आईने विचारलं, "पयल्यापासून?"

"बहुतेक पहिल्यापासून."

"सगले ठसके?"

"हो, मावशी. सगळे."

आपण कशाचं उत्तर देतोय हे त्या माणसाला कळत नव्हतं. मी मागून हात हलवून नको नको करत होते. आईने आपण किती जगणार ते विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

पोटाला नळी बसवून तिला मुरब्याला आणलं. दूध, पेजेचं पाणी सगळं नळीतून. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, श्वासात जाईल, असं बजावलं होतं. मी कंपनीतून रजा टाकून तिच्यापाशी राहिले. आता घरात ठसका नव्हता. ती दाराकडे बघत पडून असायची. एवढं कजाग तोंड, पण आता मी चिडवलं तरी उलटून बोलायची नाही.

एका दुपारी म्हणाली, "बाय, पानी दे."

मी नळीसाठी भांडं घेतलं. तिने मान हलवली. "तोंडात दे. एक घोट. पोराला इचारून बगते."

नको म्हणायला पाहिजे होतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी तिच्या मानेखाली हात घातला आणि चमच्याने पाणी दिलं. ठसका लागला, असा की खाट हलायला लागली. डोळे पांढरे व्हायला लागले. त्यातच तिने भावाचं नाव घेतलं. थांबला नाही. परत घेतलं. मीही घेतलं, मोठ्याने ओरडून घेतलं. ठसका कोणाचंही नाव ऐकत नव्हता. शेवटी दमून, आपलाआपण थांबला.

ती धापा टाकत पडली. मी तिची छाती चोळत म्हटलं, "आई, हा गाठीचा ठसका. त्याला नाव काय कळतं गो! भावाचा याच्याशी काय संबंध नाय."

"मंग," ती म्हणाली, "तेच तर तू बोलत व्हतीस. कोनी आठवन काढत नाय."

आणि तिने पदर तोंडावर ओढला आणि मेलेल्या पोरासाठी बाई काढते तसा गळा काढायला गेली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या, पण आवाज येईना. नुसती हवा येत होती. ते मला बघवेना. मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या जागी मी गळा काढला, त्याचं नाव घेऊन, छाती बडवून. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांना वाटलं आई गेली.

"नाय," मी म्हटलं, "माजा भाव गेला."