फ्रीजच्या मागच्या भिंतीजवळ

परवा फ्रीजमधून काढलेली कोथिंबीर हाताला काचेसारखी कडक लागली आणि शनिवार पेठेतल्या घरातले ते दिवस आठवले. बाबांची साखर रोज इन्सुलिन घेऊनही उतरत नव्हती. "अहो, चोरून काय खाता ते एकदा सांगून टाका," असं आई सारखी म्हणायची, आणि खरं तर मलाही तोच संशय होता. बाबा नुसते "काही नाही गं" म्हणायचे. एका सकाळी मंडईतून आणलेली कोथिंबीर फ्रीजच्या मागच्या भिंतीला गोठून चिकटलेली दिसली. त्याच भिंतीला टेकून इन्सुलिनची बाटली उभी होती. मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे राहवेना. शाळेतून दोन थर्मामीटर आणले, एक बाटलीशेजारी ठेवला आणि एक दारात. रविवारभर दर दोन तासांनी आकडा लिहिला. दारातल्या कप्प्यात पाच-सहा अंश भरायचे, पण भिंतीजवळ पारा शून्याच्या वर एकदाही आला नाही. दुरुस्तीवाले आले, म्हणाले, "फ्रीज फार गार करतो, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय." तरी त्यांनी उघडून पाहिलं, तर थर्मोस्टॅट बिघडलेला होता. "गोठलेल्या इन्सुलिनचा भरवसा नाही, फेकून द्या," डॉक्टरांनी सांगितलं. नव्या बाटलीने आठवड्याभरात साखर उतरली. आईने बाबांच्या आवडीची थालीपिठं लावली. बाबा हसून म्हणाले, "सुटलो म्हणायचं!" आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसांत बाबांनी आमच्यासमोर बसून जेवणंच सोडलं होतं, आणि ते मात्र मी कुठेच टिपलं नव्हतं.